ऑनिक्स स्टॉर्म : तीन पुस्तकं सोबत चाललो आणि लग्नाला बोलावलंच नाही

मृण्मयी_पाचपाखाडी

(शेवटासकट सगळं लिहिते आहे. ज्यांचं वाचून व्हायचंय त्यांनी इथूनच मागे फिरा, नंतर या.)

काल रात्री दुसऱ्यांदा 'ऑनिक्स स्टॉर्म' संपवलं. पहिल्यांदा संपवलं तेव्हा इतकी चिडले होते की पुस्तक कपाटात उलटं ठेवलं, पाठ भिंतीकडे. म्हटलं, घाईत मत नको बनवायला, परत वाचू. परत वाचलं. अर्धा राग गेला, अर्धा तसाच आहे. म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : रेबेका यारोसची ही एम्पिरियन मालिका. 'फोर्थ विंग' मे २०२३ मध्ये आलं, 'आयर्न फ्लेम' त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आणि हे तिसरं जानेवारी २०२५ मध्ये. एकूण पाच येणार आहेत. ड्रॅगनवर स्वार होणाऱ्या सैनिकांचं विद्यालय, तिथे मनाविरुद्ध भरती झालेली व्हायलेट आणि तिचा जीव घेईल असं ज्याच्याबद्दल सगळे म्हणतात तो झेडन.

'फोर्थ विंग' मी ठाणे-पनवेल लोकलमध्ये वाचलं. सुरुवातीलाच तो अरुंद कठडा ओलांडायचा प्रसंग आहे. पाऊस, खाली खोल दरी, पाय घसरला की संपलं. ऱ्हायनन नावाच्या अनोळखी मुलीच्या बुटांचे तळ गुळगुळीत आहेत. व्हायलेट स्वतःचा एक बूट काढून तिला देते आणि तिचा एक आपण घालते. दोघींच्या एकेका पायाला तरी पकड मिळावी म्हणून. मी बेलापूरला उतरते. त्या दिवशी मान वर केली तेव्हा खारघर आलं होतं.

तिसऱ्यात मला तो बूट सापडला नाही. बेटं सापडली, राजे सापडले, ढीगभर नावं सापडली. चार बेटांवर जातात, एकेका बेटाला चार-दोन प्रकरणं, की निघाले पुढे. आणि शेवटी व्हायलेट जागी होते, मधल्या काही तासांचं काहीच आठवत नाही, बोटात अंगठी. लग्न झालेलं आहे!! तीन पुस्तकं, दीड हजाराहून जास्त पानं मी या दोघांच्या मागे चालले आणि लग्न पडद्यामागे? मला खरंच फसवल्यासारखं वाटलं.

तुम्हाला काय वाटलं? आणि चौथ्याची वाट बघताय का?

ऐरोलीचा_वाचक

पूर्ण असहमत. तिसरं सगळ्यात चांगलं आहे. पहिली दोन पुस्तकं बरीचशी विद्यालयाच्या भिंतींच्या आत फिरतात. इथे पहिल्यांदा कळतं की जग केवढं आहे आणि त्यात या लोकांच्या लढाईला कोणी विचारतही नाही. बेटांवर जादू चालत नाही. म्हणजे व्हायलेटची वीज नाही, झेडनच्या सावल्या नाहीत. नुसती माणसं उरतात. मला तो भाग फार आवडला.

सई_सीवूड्स

आले. लिहिते रात्री, मुलाला झोपवून. लग्नाबद्दल मला बोलायचंच आहे.

घणसोली_फास्ट

मृण्मयीताई, अगदी अगदी! मी कॉलेजमध्ये आहे, आमचा आठ जणींचा ग्रुप आहे. पुस्तक आलं त्या आठवड्यात रात्री जागून वाचलं. शेवटचं पान वाचून एकीने ग्रुपवर नुसतं 'अगं??' लिहिलं. बाकी सातजणींनी खाली तेच लिहिलं. सकाळपर्यंत ग्रुपवर दुसरा शब्द नव्हता.

पण मला पुस्तक आवडलं. तक्रार आहे आणि आवडलंही.

कळवेकर

मी एक पानही वाचलेलं नाही, बायको वाचते. शेवट कळला तरी मला फरक पडत नाही म्हणून आत आलो. साधा प्रश्न : हे रोमँटसी म्हणजे नक्की काय? प्रेमकथेत ड्रॅगन की ड्रॅगनच्या गोष्टीत प्रेम?

घणसोली_फास्ट

@कळवेकर काका, ड्रॅगन काढून टाकले तर गोष्ट कोसळली पाहिजे आणि प्रेम काढून टाकलं तरीही कोसळली पाहिजे. मग ती रोमँटसी. इथे व्हायलेटचा टेर्न आणि झेडनची ड्रॅगन हे एकमेकांचे जोडीदार आहेत, ते फार दिवस लांब राहू शकत नाहीत. म्हणून यांनाही राहता येत नाही. भांडण असो नाहीतर प्रेम असो, भेटावंच लागतं.

बाहेर हे सगळं टिकटॉकवर गाजलं. आपल्याकडे टिकटॉक २०२० पासून बंद, त्यामुळे आम्हाला इन्स्टावरून कळलं. तिसरं पुस्तक पहिल्या आठवड्यात २७ लाख प्रती खपलं, काका!

कळवेकर

आता कळलं बायको रात्री दोन वाजता दिवा का लावते ते.

नौपाड्याच्या_काकू

मी आयुष्यभर ग्रंथालयात काम केलं, आता निवृत्त. नातीने आग्रह केला म्हणून तिन्ही वाचली. इंग्रजी वाचायला वेळ लागतो, पण वाचली.

कळवेकर, ही जातकुळी आपल्याला नवी नाही. मराठी कादंबरीच्या सुरुवातीच्या काळात अद्भुतरम्य कथाच गाजल्या. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची. विरह, संकटं, दुष्टांची कारस्थानं, योगायोग आणि शेवटी मीलन. पुढे वास्तववादी लेखन आलं आणि आपण या गोष्टींना बालिश म्हणायला लागलो. १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उघडलं तेव्हा लोक या असल्या गोष्टी मिटक्या मारत वाचत असणार, याबद्दल मला शंका नाही.

मृण्मयी, तुझ्या तक्रारीबद्दल. जुन्या गोष्टीत मीलन झालं की पुस्तक मिटायचं, कारण पुढे सांगायला काही नसायचं. इथे लग्न पाचातल्या तिसऱ्या पुस्तकाच्या टोकाला आहे. म्हणजे लेखिकेला लग्नानंतरचं सांगायचं आहे. माझ्या दृष्टीने ही धीट गोष्ट आहे.

मला रडवलं ते लग्नाने नाही, व्हायलेटच्या दुसऱ्या, छोट्या ड्रॅगनने, अँडार्नाने. तिची खरी जात कळते, तिच्यासारखे रंग बदलणारे ड्रॅगन शेवटी भेटतात आणि त्यांना ती पसंत पडत नाही. लढायला का शिकलीस म्हणतात. आणि तरी ती त्यांच्याबरोबर जाते. व्हायलेटच्या डोक्यात जिथे तिचा आवाज असायचा तिथे पोकळी. माझी मुलगी परदेशी गेली तेव्हा तिच्या खोलीत मी आठ दिवस केर काढला नव्हता. तिच्या केसांचं रबर कॉटखाली होतं, ते तसंच राहू दिलं. ते प्रकरण वाचताना मला ते रबर आठवलं. पुस्तक ठेवलं आणि मुलीला फोन लावला. तिच्याकडे पहाटेचे चार वाजले होते.

मृण्मयी_पाचपाखाडी

काकू, काय लिहिलंत. अँडार्नाचं प्रकरण मी पहिल्या वाचनात भराभर उलटलं होतं, लग्न कधी येतंय या नादात. दुसऱ्या वाचनात थांबले तिथे.

@ऐरोलीचा_वाचक, बेटांवर नुसती माणसं उरतात हे पटलं. पण मग त्यांच्याजवळ थांबायला नको का? झेडनची आई भेटते! लहानपणी सोडून गेलेली आई! त्या जेवणाच्या प्रसंगात इतकं काही होतं. आणि लगेच विषप्रयोग, लगेच डावपेच, लगेच पुढचं बेट. मला त्या दोघांना एका खोलीत अजून थोडा वेळ बघायचं होतं.

ऐरोलीचा_वाचक

आईच्या बाबतीत मान्य. तिथे घाई झाली.

पण घाईचा आरोप करायचा तर दुसऱ्या पुस्तकावर करा. पहिल्यानंतर सहा महिन्यांत आलं ते. तिसऱ्याला चौदा महिने घेतलेत. दुसऱ्यात 'तू मला सांगितलं नाहीस' हे एकच भांडण किती वेळा आहे! तिसऱ्यात ते भांडण संपलंय. दोघांचा एकमेकांवर विश्वास आहे. अडचण आता झेडनच्या आत आहे, तो स्वतःच वेनिन, म्हणजे जमिनीतली शक्ती शोषून घेणारा, होत चाललाय. प्रियकराची भीती वाटत नाही, प्रियकराला स्वतःची भीती वाटते. हा फार वरचा टप्पा आहे.

लवचीक

बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते.

मला सांध्यांचा त्रास आहे. सांधे गरजेपेक्षा जास्त वाकतात, निसटतात. खांदा तर झोपेतही निसटतो. ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सहाच्या गर्दीत कोणाचा धक्का लागला की मी आधी खांदा धरते, मग पर्स. बाहेरून काही दिसत नाही. त्यामुळे 'एवढी तरुण आहेस, उभी राहा की' हे अनेकदा ऐकलंय.

व्हायलेटला हेच आहे. पुस्तकात आजाराचं नाव नाही, पण लेखिकेला स्वतःला एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोम आहे आणि तिने ते जाहीर सांगितलंय. व्हायलेट रोज गुडघे बांधते. टेर्नच्या पाठीवरून ती सारखी घसरते, तेव्हा तिच्यासाठी खोगीर बनवलं जातं. झेडन बनवतो. मी ते पान वाचलं आणि कोपरखैरणे स्टेशनच्या बाकावर बसून रडले. कारण 'जमत नसेल तर राहू दे' असं न म्हणता कोणीतरी खोगीर बनवलं.

तिसऱ्या पुस्तकाबद्दल माझ्या मनात संमिश्र आहे ते यासाठी. दुखणं आहे, पट्ट्या आहेत, पण मागे सरकलंय. तिची ताकद इतकी वाढलीय की काही प्रकरणं दुखण्याशिवाय जातात. माझी जात नाहीत. मला वाटत राहिलं की इतका प्रवास करून बेटावर उतरल्यावर ती आधी कुठे बसली, गुडघ्याला काय लावलं, हे मला सांगा.

सई_सीवूड्स

लवचीक, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. त्या बाकावर मी शेजारी असते तर बरं झालं असतं.

आता लग्न. माझा नवरा मर्चंट नेव्हीत आहे. सहा महिने बोटीवर, मग काही महिने घरी. 'आयर्न फ्लेम'मध्ये झेडनची नेमणूक लांब होते आणि दोघं ठरावीक दिवसांनी भेटतात, अर्धा वेळ भांडणात जातो. ते भांडण तेच तेच आहे म्हणून सगळे नावं ठेवतात. पण तसंच असतं हो. माणूस दोन दिवसांसाठी येतो आणि मागच्या वेळी अर्धवट राहिलेलं भांडण आधी पुरं करावं लागतं. लेखिकेचा नवराही सैन्यात होता, तिला ते आतून माहीत आहे.

आमचं लग्न २०२० मध्ये झालं. हॉल ठरलेला होता, पत्रिका छापून आल्या होत्या, मार्चमध्ये सगळं बंद झालं. मग स्पेशल मॅरेज ॲक्टखाली नोटीस दिली. तीस दिवस थांबावं लागतं, तीन साक्षीदार लागतात. तेवढ्यात त्याची बोटीची तारीख आली. सह्या झाल्या तेव्हा माझी आई साताऱ्याला व्हिडिओ कॉलवर होती. मी पेन उचललं आणि रेंज गेली. आईला सही दिसलीच नाही. परत चित्र आलं तेव्हा माझं लग्न झालेलं होतं. पुढच्या आठवड्यात तो बोटीवर गेला.

आई अजून म्हणते, 'माझ्या पोरीचं लग्न मी पाहिलं नाही.' मी म्हणते, आई, मीसुद्धा नीट पाहिलं नाही. मास्क, सॅनिटायझर, सही कुठे करायची याची घाई. माझ्या लक्षात राहिलंय ते फक्त त्याच्या शर्टाचं वरचं बटण उलट्या काजात गेलं होतं ते.

म्हणून व्हायलेट जागी होते आणि अंगठी बघते ते मला खोटं वाटलं नाही. शिवाय ती आठवण कोणी तिच्यापासून चोरलेली नाही. आठवणी पुसायची शक्ती असलेल्या इमोजेनने पुसली, पण व्हायलेटने स्वतः सांगितलं म्हणून. स्वतःच्या लग्नाची आठवण तिने स्वतःहून दिली. इतकं महत्त्वाचं काहीतरी राखायचं असणार. तुम्ही म्हणता फसवलं. मला वाटतं, तिने काय सोडलं ते आपल्याला कळावं म्हणून आपल्यालाही ते दाखवलं नाही.

घणसोली_फास्ट

सईताई!! हे मी असं पाहिलंच नव्हतं. ग्रुपवर टाकते आहे.

ऐरोलीचा_वाचक

सईताई, +१.

थोडं विषयांतर. मालिकेतली बरीच नावं स्कॉटिश गेलिकवरून घेतलेली आहेत. २०२३ मध्ये लेखिकेने मुलाखतीत ती कशी उच्चारली यावरून गेलिक बोलणारे नाराज झाले होते. मला ते मनापासून पटलं. थोड्याच लोकांच्या तोंडी उरलेली भाषा आहे ती. उद्या कोणी ड्रॅगनचं नाव 'ज्ञानदा' ठेवलं आणि 'ग्यानाडा' म्हणून जगभर फिरवलं तर आपल्याला लागेलच.

नौपाड्याच्या_काकू

लागेल. बरं, आपल्याकडे नावांना कमी नाही. मराठीत अशी मालिका कोणी लिहीत का नाही? ठाण्याला खाडी आहे, येऊर आहे, मागे कोकण पसरलंय. ड्रॅगन नको, आपला व्याल घ्या, तो शिल्पांमधला कल्पित पशू. देवळांच्या दगडांवर शतकानुशतकं बसून आहे बिचारा, कोणीतरी उठवा त्याला.

घणसोली_फास्ट

काकू, व्यालावर बसून येऊरवरून खाडीकडे! मी पहिलं प्रकरण लिहायला घेते. खरंच.

लवचीक

@घणसोली_फास्ट, लिहिलंस तर खोगीर विसरू नकोस.

सई_सीवूड्स

मला वेनिनचं एक सांगायचं राहिलं. ते जमिनीतली शक्ती ओढून घेतात आणि मागे राखाडी, मेलेली माती राहते. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरूळच्या तळ्यात खाडीचं पाणी येणं बंद झालं होतं. फ्लेमिंगो यायचे तिथे. तळ सुकून भेगाळला होता, वर पांढरट खपली. मी मुलाला पक्षी दाखवायला नेलं होतं. 'आई, पाणी कोणी पिलं?' म्हणाला. त्यानंतर पुस्तकात राखाडी जमिनीचं वर्णन आलं की मला ते तळंच दिसतं. झेडन त्या लोकांपैकी होतो आहे, हे मला त्यामुळे जास्त टोचतं. ज्याच्यावर जीव आहे त्याच्याच हाताने जमीन मरणार.

मृण्मयी_पाचपाखाडी

दोन दिवस धागा नुसता वाचतेय. आज लिहिते.

सई, तुझं वाचून मी शेवटची तीन प्रकरणं परत काढली. शेवटाकडे लेखिका व्हायलेटच्या डोक्यातून बाहेर पडते, ऱ्हायननकडे जाते, इमोजेनकडे जाते. आधी मला तो फापटपसारा वाटला होता. आता वाटतं, कठड्यावर जिने बूट घेतला ती ऱ्हायनन आता स्वतःच्या नजरेने बघते आहे. बूट हरवला नव्हता, दुसऱ्या पायात होता.

तरी माझी तक्रार पूर्ण मागे घेत नाही. बेटांना अजून पानं हवी होती. झेडनच्या आईला हवी होती. लवचीक म्हणते ते गुडघ्याचं तर हवंच होतं, ते मी स्वतःच्या यादीत धरलं आहे. आणि लग्न चौथ्या पुस्तकात तरी कुठेतरी, कोणाच्या तरी आठवणीतून, मला बघायचं आहे. दोन ओळी पुरतील. मी त्याची वाट बघणार आहे.

कळवेकर

बायकोला धागा दाखवला. तिचं तिसरं वाचून झालंय, घाबरू नका. ती म्हणाली, काकूंना सांगा, अँडार्नाच्या प्रकरणानंतर मीही आईला फोन केला होता. आणि मला तिने 'फोर्थ विंग' हातात दिलंय. कठड्यापर्यंत आलोय. ती मुलगी बूट का देते आहे ते कळलं, पण माझ्या पोटात गोळा आला.

सई_सीवूड्स

मृण्मयी, माझं 'आयर्न फ्लेम' नणंदेने नेलं ते परत आलंच नाही. तुझं देशील का? मी शनिवारी ठाण्याला येणार आहे, चुलत सासूबाईंकडे.

मृण्मयी_पाचपाखाडी

देते की. शनिवारी अकराला, दहा नंबर प्लॅटफॉर्म, लेडीज डब्यासमोर. तू येताना तुझ्या लग्नाचा फोटो आण. तुझ्याही लग्नाला आम्ही कोणी नव्हतो.

सई_सीवूड्स

एकच आहे. आईने साताऱ्याहून फोनच्या स्क्रीनचा काढलेला, रेंज परत आली तेव्हाचा. आम्ही दोघं तिरके दिसतो आणि कोपऱ्यात आईचा अंगठा आलाय. प्रिंट काढून आणते.